चष्म्यातला माणूस

खुर्शीदा मुलाणी कारखान्यात लोकांच्या डोक्यावर चष्मे चढवायची. नंबरचे चष्मे नव्हेत. काळे, जड, मागं रुंद पट्टा असलेले, हेल्मेटसारखे आवळून बसवायचे.

तळेगावच्या पुढं नवलाख उंब्र्याच्या अंगाला जे कारखाने उभे राहिलेत, त्यातल्या एका फाउंड्रीत ती कामाला होती. तिथं लोखंड वितळवून पवनचक्क्यांचे भाग ओततात. एकेक कास्टिंग आमच्या स्वयंपाकघराएवढं. नव्या कामगाराला थेट भट्टीकडं पाठवत नाहीत. आधी ट्रेनिंगच्या शेडमध्ये नेऊन हा चष्मा घालतात. चष्म्यातून शेड खरीच दिसते. तेच खांब, तेच पंखे, आपलेच हात. पण त्या खऱ्या शेडमध्ये नसलेली क्रेन चालायला लागते, नसलेलं कास्टिंग डोक्यावर लटकतं. माणूस चुकीच्या जागी उभा राहिला की सगळं लाल होतं आणि कानात भोंगा वाजतो. कंपनीत त्याला मिक्स्ड रिॲलिटी म्हणत. कामगार नुसतं मिक्स म्हणायचे. "तुझं मिक्स झालं का?" असं एकमेकांना विचारायचे.

इंदुरीत तिचं आणि माझं घर एका भिंतीला चिकटून आहे. मी साड्यांना फॉल-पिको करते. कामावरून आली की ती कप घेऊन माझ्या मशीनपाशी बसायची. बरंचसं मला तिच्याकडून कळलं, थोडं पुढं तिच्या नवऱ्याबरोबर काम करणाऱ्या कैलासकडून.

तिचं माहेर लोणावळ्याचं. वडील रेल्वेत, घाट चढवणाऱ्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. लग्न होऊन ती इंदुरीला आली ती इनायतच्या घरी. इनायत मुलाणी उंच, अंगानं सडपातळ, आणि कायम घाईत असलेला माणूस. एसटी थांबायच्या आत उतरायचा. चहा गरम असतानाच संपवायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र इंद्रायणीच्या पुलाखाली गळ टाकून तासन्‌तास बसायचा, तेव्हा कुठं जायची ती घाई कोण जाणे. फाउंड्रीत त्याचं काम मालाला साखळ्या बांधायचं. तो बांधायचा आणि कैलास क्रेननं उचलायचा. कैलास आमच्याच गावचा. दोघं एकाच मोटरसायकलवर कामाला जायचे.

इनायत गेला तो भरदुपारी, कारखान्यात, लटकत्या कास्टिंगखाली. संध्याकाळी कंपनीची माणसं घरी आली. चांगलं बोलली, कुणी आवाज चढवला नाही. म्हणाली, पिवळ्या रेषेच्या आत जायचं नसतं, मुलाणी स्वतःहून आत गेले, काय झालं कळायच्या आत झालं. चौकशी झाली, त्यातही तेच आलं.

खुर्शीदानं ते मानलं. न मानण्यासारखं त्यात काही नव्हतंच. नवऱ्याची घाई तिला माहीत होती. रडून झाल्यावर तिला राग आला आणि तो राग गेलाच नाही. दहावीतल्या मुलीला, अम्माराला ती उठताबसता म्हणायची, "तुझ्या अब्बाला घाई होती. रस्ता नीट बघून ओलांड." मला म्हणायची, "मावशी, दोन पावलं मागं उभं राहायला काय जात होतं त्यांचं?" पोरगी हे ऐकून आत निघून जायची.

कंपनीनं तिला कामावर घेतलं. आधी ट्रेनिंगच्या शेडमध्ये झाडूपोछा होता. मग चष्मे बसवायला आलेल्या पुण्याच्या कंपनीतला प्रज्ञेश नावाचा मुलगा तिला एकेक काम शिकवायला लागला. भिंगं कोणत्या कापडानं पुसायची, बॅटरी कधी लावायची, पट्टा किती आवळायचा. तिचे हात मऊ आणि नेटके. कुणाच्या पगडीवर, कुणाच्या अंबाड्यावर ती चष्मा असा बसवायची की घालणाऱ्याला टोचायचा नाही. थोड्याच दिवसांत ते काम तिच्याकडंच आलं. झाडू सुटला. त्या दिवसांत ती जरा हसायला लागली होती. नव्या पोरांच्या गमती सांगायची. नसलेल्या आगीला घाबरून कुणी मागं पळालं आणि खऱ्या भिंतीवर आदळलं, असलं काही.

शेवटच्या भागात मात्र कुणी हसत नसे. तो भाग लागला की सगळे शेडमधल्या एका खांबाजवळच्या जागेकडं बघत उभे राहायचे. कुणी "अरे, अरे, मागं हो!" असं ओरडायचं. एकानं तर हात पुढं केला होता, कुणाला तरी ओढून घ्यावं तसा. मग सगळे दचकायचे. खुर्शीदाला काहीच दिसायचं नाही. तिच्यापुढं मोकळी फरशी, पूर्वी तिनंच रोज पुसलेली. तिला वाटायचं, काहीतरी खेळातलं असेल.

एकदा एका पोराच्या डोक्यावरून चष्मा काढताना तो शेजारच्याला म्हणाला, "हे खरं घडलंय म्हनं हितं. मुलाणी का कोण व्हता."

तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नुसतं खुर्शीदा लिहिलेलं. तिनं चष्मा पुसला, जागेवर ठेवला, दुसऱ्याचा काढला. जेवणाची सुट्टी झाल्यावर ती प्रज्ञेशला म्हणाली, "सर, मला एकदा घालून बघायचाय. शेवटचाच भाग."

प्रज्ञेश खूश झाला. "बघा की ताई! एवढे दिवस तुम्ही बघितलंच नाही?" तिचं आडनाव त्याला ठाऊक नव्हतं. तो पुण्याहून आलेला, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

तिला काय दिसलं ते तिनं मला एकदाच सांगितलं, खाली बघत.

शेड तीच होती. वर पिवळी क्रेन आली. तिच्या साखळ्यांना करडं कास्टिंग लटकलेलं, हळूहळू गोल फिरत असलेलं. फरशीवर पिवळी रेषा उमटली. मग खांबामागून एक माणूस आला. निळा गणवेश, डोक्याला हेल्मेट, पट्टा सुटलेला. तोंडाच्या जागी नाक-डोळे काही नव्हतं, अंड्यासारखं गुळगुळीत होतं. त्यानं चालता चालता खिशातून मोबाईल काढला. मोबाईलमध्ये बघत बघत त्यानं रेषा ओलांडली आणि कास्टिंगखाली जाऊन उभा राहिला.

तिनं हात पुढं केला. हात त्याच्या खांद्यातून आरपार गेला.

रक्त वगैरे काही दाखवलं नव्हतं. धाडकन आवाज आला, सगळं लाल झालं, आणि त्या लालावर पांढरी अक्षरं आली: या कामगाराची चूक कोणती? खाली उत्तरं होती. मोबाईल वापरला. सुरक्षारेषा ओलांडली. हेल्मेटचा पट्टा बांधला नाही. वरील सर्व.

ती तशीच उभी राहिली. प्रज्ञेश म्हणाला, "ताई, बोटानं उत्तर निवडा. त्याशिवाय पुढं जात नाही ते."

"सर, हा मोबाईल कुठून आला?"

"म्हणजे?"

"यांचा मोबाईल लॉकरमध्ये होता. आत न्यायला बंदीच आहे ना. मला तो लॉकरमधून काढून दिला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. अजून घरी आहे."

प्रज्ञेशला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानंच पुढं होऊन तिच्या डोक्यावरून चष्मा काढला.  तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला माहीत नव्हतं, ताई. खरंच माहीत नव्हतं." शेवटी म्हणाला, "मोबाईल मी घातला. मला जो रिपोर्ट दिला त्यात लिहिलं होतं, कामगाराचं लक्ष विचलित होतं. ते डोळ्यांना दाखवायचं कसं? म्हणून मोबाईल."

त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी खुर्शीदा कैलासच्या शेतावर गेली. भाताच्या झोडणीचे दिवस होते. कैलास खळ्यावर पेंढ्या फळीवर आपटत होता. त्याची बायको दाणे गोळा करत होती. खुर्शीदाला बघून तो थांबला.

"वहिनी? तुमी हितं?"

"कैलासभाऊ, एकच विचारायचंय. ते आपल्या मनानं आत गेले का?"

कैलासनं पेंढी उचलली आणि आपटली. मग दुसरी उचलली. त्याच्या बायकोनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि ती चहा टाकते म्हणून उठून गेली.

"कोन काय बोललं का तुमाला?"

"कुणी नाही. मी तो चष्मा घातला."

कैलास पेंढ्यांच्या ढिगावर बसला. "न्हाई वहिनी," तो म्हणाला. "मनानं न्हाई गेला. माल उचलला आन फिराया लागला. त्याला दोरी बांधायची असती, लांबनं धरून वळवायला. दोरी तुटल्याली. आमी कवाची मागत व्हतो, दिली न्हवती. बजरंग सुपरवायझर वरडला, 'इनायत, हात लाव, फिरव त्याला.' इनायत म्हनला, 'दोरी बघतो कुटं मिळती का.' तर त्यो म्हनला, 'ट्रेलर उभा हाय, दोरी कसली बघतोस?' मंग गेला. हात लावला, आन वरची साखळी सरकली."

"तुम्ही बघितलंत?"

"रिमोट माझ्याच हातात व्हता, वहिनी."

"मग हे साहेबांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. पयल्या दिशी हेच सांगितलं. मला म्हनले, नीट आठव. दुसऱ्यांदा बोलावलं, तवाबी म्हनले, घाबरू नको, नीट आठव. मंग मला त्यांच्यासारखं आठवाया लागलं."

चहा आला. खुर्शीदानं तो प्यायला. कैलासला ती एक शब्द बोलली नाही. मला म्हणाली, "काय बोलू, मावशी? त्यांचीही दोन पोरं आहेत."

घरी यायच्या ऐवजी ती गावाबाहेर कब्रस्तानच्या भिंतीपाशी गेली आणि उन्हात उभी राहिली. मी तिला शोधायला गेले तेव्हा ती तिथं होती. मला बघून म्हणाली, "इतके दिवस मी त्यांच्याशी भांडत होते. रोज. मनातल्या मनात, पण रोज. आणि ते बिचारे दोरी शोधत होते."

अम्माराला तिनं त्याच दिवशी सांगितलं. भिंतीपलीकडून मला पोरीचा आवाज आला. "मग तू मला काय सांगत होतीस आजवर? अब्बाला घाई होती म्हणून?" त्यानंतर पुष्कळ दिवस त्या घरातून बोलण्याचा आवाज आला नाही. नुसता भांड्यांचा यायचा.

केस करायची का, एवढं मात्र अम्मारानंच विचारलं. दोघी वडगावच्या कोर्टापाशी एका वकिलाकडं गेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बघितलेला माणूस साक्ष देईल का?" कैलासनं हात जोडले. खरोखर दोन्ही हात जोडले, बायकोसमोर. तिथंच ते थांबलं.

मग खुर्शीदा कारखान्यातल्या सेफ्टीच्या साहेबांकडं गेली. बरोबर प्रज्ञेशही गेला. साहेबांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी मागवलं.

"हे बघा खुर्शीदाताई, त्या आकृतीला नाव नाही, चेहरा नाही. ती कुणाचीही असू शकते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"सगळ्यांना ठाऊक आहे कोण ते. पोरं नाव घेऊन बोलतात."

"बोलणाऱ्यांचं तोंड मी कसं धरणार?"

"मग निदान तो मोबाईल तरी काढा."

साहेबांनी प्रज्ञेशकडं बघितलं. "मोबाईल असल्यापासून ट्रेनिंगमधले स्कोअर वाढलेत ना? लोकांच्या लक्षात राहतं ते. शेवटी त्यांचाच जीव वाचतो." मग तिच्याकडं वळून म्हणाले, "तुम्हाला तिथं त्रास होत असेल तर दुसरीकडं देऊ काम. ऑफिसात देऊ. बसून."

"नको," खुर्शीदा म्हणाली. "आहे तिथंच राहते."

का राहिली, ते मला तेव्हा समजलं नाही. रोज सकाळी ती ती फरशी ओलांडून जायची, चष्मे मांडायची, माणसांच्या डोक्यावर चढवायची. आता त्यांना काय दिसतंय ते तिला ठाऊक होतं. ते ओरडले की ती भिंतीकडं तोंड करायची.

पुढं एकदा एक तुकडी शेवटचा भाग संपवून उभी होती. सगळ्यांनी "वरील सर्व" निवडलं होतं. चष्मे काढता काढता ती बोलायला लागली.

"थांबा जरा. यात जे दाखवत नाहीत ते सांगते. हा माणूस आपल्या मनानं आत गेला नव्हता. त्याला हाक मारून पाठवला होता. मोबाईल त्याच्याकडं नव्हता. माल वळवायची दोरी नव्हती, म्हणून हातानं वळवायला लावलं. तुम्हाला कुणी असं सांगितलं तर जाऊ नका. दोरी मागा."

एकानं विचारलं, "तुमाला कसं ठावं?"

"माझा नवरा होता."

 प्रज्ञेश कॉम्प्युटरपाशी पाठमोरा बसलेला होता. त्यानं वळून बघितलं नाही. त्या दिवसापासून शेवटचा भाग संपत आला की तो चहाला म्हणून बाहेर जायचा, आणि तिचं बोलून झाल्यावर परत यायचा. तेवढंच त्याला जमलं.

अशा किती तुकड्या झाल्या असतील. त्यातल्या एकीत श्रीपती होता. पवनानगरचा, चाळिशी ओलांडलेला. आधी कामशेत ते पवनानगर जीप चालवायचा. जीप म्हातारी झाली तेव्हा कंत्राटदाराकडून फाउंड्रीत लागला. बाकीचे निघून गेले तरी तो थांबला.

"ताई, दोरी मागितली आन दिली न्हाई तर?"

"तर पुन्हा मागा."

"आन तरीबी न्हाई दिली तर?"

खुर्शीदानं हातातला चष्मा जागेवर ठेवला. ती म्हणाली, "तर हात लावू नका."

त्यानं मान हलवली, कामाची गोष्ट कळल्यासारखी.

थोड्याच दिवसांनी तसंच झालं. कास्टिंग लटकलेलं, दोरी नाही, ट्रेलर बाहेर उभा. सुपरवायझरनं श्रीपतीला आत जायला सांगितलं. श्रीपती म्हणाला, "दोरी द्या, मंग जातो." दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, तो हलला नाही. मग सुपरवायझरनं दुसऱ्या माणसाला पाठवलं. त्यानं हात लावला, कास्टिंग वळवलं, माल ट्रेलरवर नीट बसला. काही पडलं नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदाराच्या माणसानं श्रीपतीला गेटवरच सांगितलं की आजपासून यायचं नाही.

खुर्शीदाला हे कॅन्टीनच्या रांगेत कळलं. त्या आठवड्यात ती नीट जेवली नाही. सोमवारी कारखान्याला सुट्टी असते, तेव्हा कामशेतला उतरून जीप धरून पवनानगरला गेली. मला म्हणाली, चला बरोबर. म्हणून मीही गेले.

श्रीपती धरणाच्या कडेला एका कॅम्पवर तंबू उतरवत होता. शनिवार-रविवारची पुण्या-मुंबईची माणसं परत गेली होती. गवतात बाटल्या आणि कागदी ताटल्या पडलेल्या. त्यानं आम्हाला बघितलं आणि हातातला बांबू न टाकता तो जवळ आला.

"कशाला आलात, ताई?"

"मला कळलं ते... माझ्यामुळं झालं."

"तुमच्यावर राग न्हाई," तो म्हणाला. मग पाण्याकडं बघत म्हणाला, "राग हाय. खोटं कशाला बोलू. त्या दिशी माल पडला आसता तर मी शाणा ठरलो आसतो. पडला न्हाई. आता घरात बायको म्हनती, समद्यांनी हात लावला, तुलाच काय झालं व्हतं?"

खुर्शीदानं आणलेला बिस्किटांचा पुडा तसाच हातात धरलेला. त्यानं तो घेतला नाही. "पोरं मोठी झाली आता," म्हणाला. "बिस्किटं न्हाई खात." कुणीतरी वरून त्याला हाक मारली, तसा तो निघून गेला. परतीच्या जीपमध्ये तो पुडा तिच्या मांडीवर होता.  कामशेतला उतरताना म्हणाली, "मी त्यांना उत्तर द्यायलाच नको होतं."

त्यानंतरच्या तुकड्यांना ती काही बोलली नाही. चष्मे चढवले, काढले, पुसले. प्रज्ञेश सवयीनं चहाला जायचा आणि परत येऊन तिच्याकडं बघायचा. ती नाही म्हणून मान हलवायची. सेफ्टीच्या साहेबांना वाटलं असणार, बाई शांत झाली. मलाही तसंच वाटलं. पण ती घरी आल्यावर नळाखाली हात धरून बसायची. पाणी वाहून जायचं आणि अम्मारा येऊन नळ बंद करायची.

एक दिवस ती पुन्हा बोलली. यावेळी वेगळं बोलली. माणसं समोर बाकावर बसलेली, आणि ती उभी.

"माझ्या नवऱ्यानं सुपरवायझरचं ऐकलं, तो गेला. मागं एकानं माझं ऐकलं, त्याचं काम गेलं. दोन्ही खरं आहे. जाऊ नका असं मी आता सांगत नाही. जा असंही सांगत नाही. पण चष्म्यात मेलेला माणूस मूर्ख नव्हता, एवढं ध्यानात ठेवा. आणि तुमच्यापुढं ती वेळ आली तर तुमच्या घरी कोण आहे ते तुम्हाला ठाऊक."

बाकावरचा एक माणूस उठून बाहेर गेला. बाकीचे बसून राहिले. त्यातल्याच कुणीतरी वर जाऊन सांगितलं असावं, कारण आठवडा व्हायच्या आत तिला कॅन्टीनला टाकलं. कागदावर कारण होतं, कामाच्या सोयीसाठी बदली. चष्म्यांवर एक नवी मुलगी आली, चाकणहून. तिला काही ठाऊक नव्हतं आणि तिला ते सांगायला खुर्शीदाला शेडमध्ये जाऊ देत नव्हते.

प्रज्ञेशनं आपली पुण्याची कंपनी सोडली. त्यानंतर एकदा तो इंदुरीला आला, किल्ल्याच्या दरवाजापाशी मोटरसायकल लावून आमच्या आळीत घर विचारत आला. माझ्याच मशीनपाशी बसला, खुर्शीदा कामावरून यायची होती. ती आली तेव्हा तो उभा राहिला.

"ताई, शेवटच्या दिवशी मी मोबाईल काढला होता त्याच्या हातातून. मला वाटलं कुणाच्या लक्षात येणार नाही. पण माझ्या जागी जो आला त्यानं जुनंच परत चढवलं."

"बरं," खुर्शीदा म्हणाली.

"अजून एक आहे. मला सांगायलाच पाहिजे. ते ट्रेनिंग आमच्या कंपनीनं आता दुसऱ्या कारखान्यांनाही दिलंय. चाकणला दिलं, गुजरातेत दिलं. चांगलं झालंय म्हणून."

"तो भागही?"

"तोच भाग मागतात, ताई."

खुर्शीदानं पदर नीट केला. मग विचारलं, "गुजरातेत कुठल्या भाषेत विचारतात, चूक कोणती म्हणून?"

"गुजरातीत. हिंदीतही आहे."

तिनं त्याला चहा दिला. तो गेल्यावर अम्मारा आतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "मला अब्बाचे फोटो दे," म्हणाली. पेटीतून फोटो काढले. लग्नातले, उरुसातले, पुलाखाली गळ टाकून बसलेला एक. पोरीनं तो शेवटचा उचलला आणि आपल्या वहीच्या कव्हरात घातला. आईशी ती त्या दिवसापासून पुन्हा बोलायला लागली. फार नाही, पण बोलते. बारावीनंतर तिनं फॅक्टरीच्या गावापासून लांब, लोणावळ्याला मामाकडं राहून नर्सिंगला नाव घातलं. कारखान्यात काम करणाऱ्याशी लग्न करणार नाही, असं तिनं आताच सांगून ठेवलंय. खुर्शीदा एकटी असते घरात.

कॅन्टीनमध्ये तिला वाढायचं काम आहे. डोक्याला जाळी, हाताला मोजे, पुढं भाजीचं मोठं पातेलं. शेकडो माणसं ताट पुढं करून जातात. नव्यांना ती कोण ते माहीत नाही. जुने माहीत असलेले जरा जास्त वेळ थांबतात, "बरंय का वहिनी?" म्हणतात. कैलास दुसऱ्या रांगेला उभा राहतो.

बजरंग सुपरवायझरची पाळी बदलली आणि तो तिच्या रांगेत यायला लागला. दुसरी रांग लांब असली तरी बाकीचे सुपरवायझर तिकडं जायचे. तो का येत होता हे त्यालाच ठाऊक. ताट पुढं करायचा, वर बघायचा नाही. ती इतरांना वाढायची तेवढंच त्यालाही वाढायची. कमी नाही, जास्त नाही. असं पुष्कळ दिवस चाललं.

गेल्या महिन्यात एकदा वाढून झाल्यावरही तो ताट घेऊन तसाच उभा राहिला. केस पिकलेत आता त्याचे. हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी मी जर..."

तिच्या हातात पळी होती. पातेल्यातून वाफ येत होती. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, असं ती म्हणाली. तो पुढचं बोलण्यासाठी तोंड उघडून उभा होता.

"पुढं चला," ती म्हणाली. "मागं माणसं उभी आहेत."